पिलात फॉर्टिन्गलचा नव्हे

येशूला क्रुसावर देणारा पंतय पिलात मूळचा स्कॉटलंडचा, ही गोष्ट पुन्हा पुन्हा फिरत असते. पर्थशायरमध्ये ग्लेन लायन खोऱ्याच्या तोंडाशी फॉर्टिन्गल नावाचं खेडं आहे. ऑगस्टस सम्राटाचा दूत तिथं आला, स्थानिक स्त्रीपासून त्याला मुलगा झाला, तोच पिलात. गावातल्या पाच हजार वर्षांच्या यू (एक सदाहरित, दीर्घायुषी झाड) वृक्षाखाली तो लहानाचा मोठा झाला, असं सांगतात. गाव खरं आहे, झाडही खरं आहे. बाकीचं टिकत नाही.

आधी सनावळी पाहा. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा (येशूच्या प्रांताचा) रोमन अधिकारी होता, म्हणजे त्याचा जन्म फार तर इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे. रोमन सेनापती ज्युलियस सीझर इ.स.पू. ५५ आणि ५४ मध्ये ब्रिटनला आला, पण आग्नेय कोपऱ्यातूनच परतला. रोमनांनी बेट जिंकायला घेतलं इ.स. ४३ मध्ये, आणि रोमन सेनापती अ‍ॅग्रिकोलाची फौज स्कॉटलंडात शिरली ती ८० च्या सुमारास. तोवर पिलाताला यहूदिया सोडून चाळीसेक वर्षं झाली होती. पंतय म्हणजे पाँतियस, हे कुलनामही इटलीतल्या सॅम्नाइट लोकांतलं. यहूदियातल्या सीझरिया शहरात १९६१ साली सापडलेल्या शिलालेखात पिलाताचं नाव आणि पद आहे, जन्मगाव नाही. ही मोकळी जागा स्पेन, जर्मनी आणि इटलीतल्या गावांनीही आपापल्या परीने भरली आहे.

‘गावाजवळ रोमन छावणी आहे ना!’ असा पुढचा मुद्दा येतो. शेतातल्या त्या चौकोनी खंदकाला ‘प्रेटोरियम’ (रोमन सेनापतीचं ठाणं) हे भारदस्त रोमन नाव चिकटलं खरं, पण तो मध्ययुगातल्या एका वाड्याभोवतीचा खंदक आहे. माझ्या मते दंतकथेला बळ मिळालं ते या नावामुळेच.

झाडाचं वय हा जरा गुंतागुंतीचा भाग. खोडाचा गाभा कधीच कुजून गेला, त्यामुळे वर्तुळं मोजताच येत नाहीत. पाच हजार हा आकडा मोजलेला नाही. बहुतेक अंदाज दोन ते तीन हजार वर्षांचे आहेत, आणि तेही थक्क करणारेच. १७६९ मध्ये खोडाचा घेर ५२ फूट भरला होता. मधल्या पोकळीतून अंत्ययात्रा जात, असं सांगितलं जातं. पुढे लोकांनी आठवण म्हणून तुकडे तोडून नेले, बुंध्याशी जाळ पेटवले. आज उरलेत ते कुंपणभिंतीआडचे खोडाचे वेगवेगळे खांब. ‘झाडाने लिंग बदललं’ ही बातमीही अर्धवट: २०१५ मध्ये या नर झाडाच्या एकाच फांदीवर, एरवी मादी झाडाला येणारी, तीन लाल फळं दिसली, बाकी झाड नरच राहिलं.

आणि खरं काय आहे, ते या गोष्टीखाली गाडलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. गावाच्या पूर्वेला तीन-तीन दगडांचे प्रागैतिहासिक गट उभे आहेत. चर्चच्या जागी मध्ययुगाच्या आरंभी मठ होता; तिथले क्रूस कोरलेले दगड सापडले आहेत. त्याच काळातली लोखंडी हातघंटा चर्चमध्ये जपलेली होती, ती २०१७ मध्ये चोरीला गेली. गावातली गवताने शाकारलेली देखणी घरं मात्र प्राचीन नाहीत. जहाजमालक सर डोनाल्ड करी यांनी १८८५ मध्ये जहागीर विकत घेतली आणि वास्तुविशारद जेम्स मॅक्लॅरेनकडून १८९० च्या सुमारास ही घरं बांधून घेतली.