ब्लॅक बॉक्सवाल्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

तो मेसेज आता तिसऱ्या ग्रुपवर आला, म्हणून बसून लिहितोय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: विमानाच्या ब्लॅक बॉक्समधला, म्हणजे उंची-वेग वगैरे नोंदवणाऱ्या डब्यातला डेटा अपघात झाल्यावरच उघडतात, एरवी कोणी ढुंकूनही बघत नाही. तोच डेटा उडतानाच खाली पाठवला तर अपघात थांबतील, पण कंपन्यांना खर्च नको. पायलट लोक आपल्या चुका झाकायला आडवे येतात. आणि एआयला सगळा डेटा दिला की पुढचा अपघात ते आधीच सांगेल. चार वाक्यं, त्यातली साडेतीन चूक. उरलेल्या अर्ध्याकडे शेवटी येतो, कारण ते मेसेज लिहिणाऱ्याला वाटतंय त्यापेक्षा जास्त गंभीर आहे.

पहिलं वाक्य. ब्लॅक बॉक्सबद्दल हे बऱ्यापैकी खरं आहे, पण त्याच आकड्यांची आणखी एक प्रत क्विक ॲक्सेस रेकॉर्डर नावाच्या वेगळ्या डब्यात साठते आणि ती रोजच्या कामातच काढून घेतात. २७,००० किलोपेक्षा जड विमानं चालवणाऱ्या एअरलाइनने असा तपासणी कार्यक्रम ठेवलाच पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय नियम २००५ पासून आहे. म्हणजे काहीही न झालेल्या, लोक बॅगा घेऊन शांतपणे घरी गेले अशा फ्लाइट्सचा डेटा तपासला जातो, आणि खरा माल तिथेच आहे.

आता यात बघतात काय, तर उतरतानाचं घ्या. विमान जमिनीपासून ५०० फुटांवर आलंय, चाकं बाहेर, फ्लॅप्स (हळू उडण्यासाठी पंखांवर उघडतात त्या पट्ट्या) लागलेले, वेग ठरलेल्या आकड्याच्या आसपास आणि खाली येण्याचा दर मिनिटाला १००० फुटांच्या आत, असं सगळं जुळलेलं हवं. नसेल तर सरळ गो-अराउंड, म्हणजे पुन्हा वर जाऊन नव्याने यायचं. नियम सगळ्यांना पाठ आहे. पण फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या विमान सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने या विषयावर काम केलं तेव्हा दिसलं की असं न जुळलेलं असताना साधारण ९७ टक्के वेळा पायलट तरीही उतरतात. आता एका पायलटचं एक लँडिंग बघून तुम्ही म्हणाल की हा बेशिस्त. पण ९७ टक्के दिसल्यावर मामला एका माणसाचा राहतच नाही, मग प्रश्न नियमाचा, ट्रेनिंगचा, खालच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरने विमान उशिरापर्यंत उंच ठेवलं का याचा होतो. अपघाताची वाट बघत बसलात तर हे कधीच कळणार नाही, कारण त्यातली जवळपास सगळी लँडिंग सुखरूप होतात.

लाइव्ह पाठवण्याचं. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकमध्ये पडलं, २२८ लोक गेले. त्या विमानाने शेवटच्या चारेक मिनिटांत २४ मेंटेनन्स मेसेज आपोआप खाली पाठवले होते. आलेच की मेसेज! पण रात्री समुद्रावर विमान पडतंय आणि खाली कॉम्प्युटरवर कोड उमटतायत, त्यावर कोण काय करणार? लाइव्ह डेटाचा मोठा फायदा नंतर, शोधायला होतो. त्या विमानाचे ब्लॅक बॉक्स मिळायला जवळपास दोन वर्षं गेली, तिथे नक्की उपयोग झाला असता. वाचवायला नाही.

पायलट आडवे येतात म्हणे. याच्या बरोबर उलटं बघा. १ डिसेंबर १९७४, टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनचं फ्लाइट ५१४ व्हर्जिनियात डोंगराला धडकलं, ९२ मृत्यू. त्याआधी साधारण सहा आठवडे दुसऱ्या एअरलाइनचं विमान त्याच ठिकाणी, खाली कधी उतरायचं याच्या त्याच गोंधळातून थोडक्यात वाचलं होतं, आणि त्या एअरलाइनने आपल्या पायलटना सावधही केलं होतं. फक्त आपल्याच! यातूनच पुढे १९७६ मध्ये नासाकडे चुका आणि धोके स्वतःहून कळवायची रिपोर्टिंग सिस्टिम आली. नासाकडे अशासाठी, की शिक्षा करणाऱ्या खात्याकडे स्वतःची चूक कोण लिहून देईल? नाव काढून टाकतात, त्यामुळे पायलट स्वतःहून लिहितात, आतापर्यंत २० लाखांवर रिपोर्ट झालेत. उद्या त्यातला एक रिपोर्ट वापरून कोणाला घरी पाठवलं की परवापासून डबा रिकामा.

आता एआय. २०२४ मध्ये आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या आकड्यांनुसार ४ कोटी ६ लाख फ्लाइट्स झाल्या आणि जीवघेणे अपघात ७. मी आत्ता एका ओळीचं मॉडेल लिहितो, ‘या फ्लाइटला काही होणार नाही’, ते ९९.९९९९८ टक्के बरोबर येईल आणि कवडीच्या कामाचं नसेल. इतक्या कमी अपघातांवरून पुढचा सांगता येत नाही. म्हणून मग अपघाताच्या आधीच्या पायऱ्या मोजतात, न जुळलेलं लँडिंग, टक्कर टाळायचा इशारा, जमीन जवळ आल्याचा इशारा वगैरे.

आणि समजा आधी सांगितलंच, मग? ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स पडल्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने स्वतः हिशोब केला होता, दुरुस्ती न करता ही विमानं उडत राहिली तर त्यांच्या एकूण आयुष्यात आणखी १५ पर्यंत अपघात होऊ शकतात. एआय नाही, साधी आकडेमोड. तरी विमानं उडत राहिली आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं तसलंच विमान, फ्लाइट ३०२ पडलं, १५७ लोक गेले.

ते उरलेलं अर्धं वाक्य आता, ‘कोणी ढुंकून बघत नाही’. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टरची टक्कर झाली, ६७ मृत्यू. तपास करणाऱ्या एनटीएसबीने नंतर जुना डेटा काढला. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ मध्ये तिथे विमान आणि हेलिकॉप्टर एक नॉटिकल मैलाच्या (साधारण १.८ किमी) आत आणि उंचीत ४०० फुटांच्याही आत आल्याच्या नोंदी निघाल्या १५,२१४. त्यातल्या ८५ वेळा तर आडवं अंतर १५०० फुटांपेक्षा कमी आणि उंचीतला फरक २०० फुटांपेक्षा कमी. २०११ पासून दर महिन्याला निदान एकदा तरी हेलिकॉप्टरमुळे जेटच्या कॉकपिटमध्ये टक्कर टाळायचा इशारा वाजत होता. यातला एकही आकडा नवा गोळा करावा लागला नाही, सगळा साठवलेलाच होता. विमानतळाच्या ठरावीक धावपट्ट्या वापरात असताना हेलिकॉप्टरचा तिथला मार्ग बंद ठेवा अशी एनटीएसबीची शिफारस मार्च २०२५ मध्ये आली, टक्कर होऊन सहा आठवडे झाल्यावर.