‘वाशीचा वाघ’ यांना उत्तर: टेकलेला पाय कुठे होता ते बघा

सिनेमातल्या उड्या आणि खरी मारामारी यांवरच्या माझ्या लेखाखाली ‘वाशीचा वाघ’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी काही गाळलं असं कोणी म्हणू नये म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो: ‘काका, आयुष्यात कधी एक तरी किक मारली आहेस का? बार्बोझाने एटिमला गिरकी घेऊन आडवा केला ते काय एडिटिंग होतं? कपोएरा, वुशू, तायक्वांदो सगळं फालतू आणि तू एकटा शहाणा. पोरांना बॅकफ्लिप शिकू दे, उगाच घाबरवू नकोस.’

वाक्याच्या सुरुवातीला ‘काका’ आणि शेवटी ‘मारली आहेस का’. काका म्हणायचं तर अहो-जाहो ओघानेच येतं, आणि अरे-तुरे करायचं तर आधी ओळख लागते. आपली ओळख नाही. पटलं नाही तर खुशाल तसं लिहा, पण घरातला पोरगा झापल्यासारखं कशाला? विचारलंच आहेत म्हणून सांगतो: 9 वर्षं तायक्वांदो आणि त्यानंतर 17 वर्षं ठाण्यात, कोपरीला, किकबॉक्सिंग शिकवणं. किक मारल्या आहेत, त्याहून जास्त खाल्ल्या आहेत. आणि ‘फालतू’ हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. तो तुमचा आहे, माझ्या तोंडी घालू नका.

एक चूक मात्र मान्य. ‘अशी किक खऱ्या लढतीत कधीच लागत नाही’ असं मी लिहिलं होतं. ‘कधीच’च्या जागी ‘क्वचित’ हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता बार्बोझा आणि एटिम, दोघेही यूएफसीतले लढवय्ये; यूएफसी म्हणजे पिंजऱ्यातल्या लढती, जिथे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं. जानेवारी 2012, रिओ, यूएफसी 142, तिसरी फेरी. ती क्लिप पुन्हा लावा आणि या वेळी एटिमच्या डोक्याकडे न बघता बार्बोझाच्या दुसऱ्या पायाकडे बघा. तो पाय जमिनीवर आहे. ती व्हील किक आहे, उडी नाही. माझा लेख दोन्ही पाय जमीन सोडतात अशा मारांबद्दल होता आणि तुम्ही उदाहरण दिलंत टेकलेल्या पायाचं. शिवाय ही किक तिसऱ्या फेरीत आली. तोवर बार्बोझाच्या लो किक मांडीवर बसल्या होत्या. मांडी सुजली की माणसाचं लक्ष आणि वजन दोन्ही खाली जातं, पाय झटकन उचलून मागे सरकता येत नाही, आणि वरच्या उंचीवर टाच येते. तयारी आधीच्या दोन फेऱ्यांत झाली होती. तुम्ही फक्त शेवटचा सेकंद पाहिलात.

ही किक बसते कशी तेही सांगतो, कारण ‘गिरकी घेतली’ एवढ्याने काही कळत नाही. पुढचा पाय आत वळवून टेकवायचा, म्हणजे पाठ अर्धी फिरलेलीच असते. मग आधी डोकं फिरवायचं आणि खांद्यावरून लक्ष्य दिसल्यावरच कंबर सोडायची. डोक्याआधी कंबर फिरली की किक आंधळी जाते. नव्या मुलांच्या दहातल्या आठ किक इथेच वाया जातात. मार टाचेने, म्हणजे अंतर बरोबर पायाच्या लांबीएवढं हवं. समोरचा अर्धं पाऊल पुढे आला तर टाचेऐवजी पोटरी किंवा मांडी लागते, तिच्यात जोर नसतो, आणि तुमची पाठ त्याच्या छातीशी असते. मग मागून कमरेला मिठी बसते आणि पुढचं काम कुठलाही पहिल्या वर्षाचा पैलवान करतो.

उडी मारल्यावर हे सगळं आणखी बिघडतं. कंबर 50 सेंटीमीटर वर उचलली तर माणूस हवेत साधारण 0.64 सेकंद असतो. डोळ्याला दिसलेल्या साध्या हालचालीवर शरीर 0.2 ते 0.25 सेकंदात प्रतिसाद देतं. म्हणजे समोरच्याला बघून बाजूला सरकायला वेळ उरतो, आणि तुम्हाला हवेत दिशा बदलता येत नाही, कारण रेटा द्यायला जमीनच नसते. हे गणित थायलंडचा सिनेनट टोनी जा असो की ठाण्याचा कोणी, सगळ्यांना सारखंच लागू.

टोनी जाचा विषय निघालाच आहे तर: 2003 च्या ‘ओंग-बाक’ सिनेमातल्या त्याच्या उड्या अंगाला वायर न बांधता मारलेल्या आहेत आणि मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. ते शरीर कमवायला उमर जाते. पण तिथे समोरचा माणूस ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी थांबतो. तेही त्याचं कौशल्यच. फाइट मास्टर मोजून तीन-चार हालचालींचा शॉट बसवतो, कॅमेरा अशा रेषेत ठेवतो की मुठीतलं आणि गालातलं वीतभर अंतर दिसत नाही, आणि मार खाणाऱ्याच्या मानेचा झटका तो ठोसा खरा करतो. झटका उशिरा आला की शॉट फुकट. वेग कमी वाटला तर सेकंदाला 22 फ्रेमने चित्रण करून 24 ने दाखवतात. हालचाल सुमारे 9 टक्के जलद दिसते.

उडती किक खरंच लागलेली हवी असेल तर तुमच्यापेक्षा चांगलं उदाहरण मीच देतो. डिसेंबर 2010, अशीच पिंजऱ्यातली लढत, अँथनी पेटिस विरुद्ध बेन हेंडरसन, पाचवी फेरी. पेटिसने पिंजऱ्याच्या जाळीवर पाय देऊन किक मारली, हेंडरसन पडला. आणि उठला. निकाल पंचांच्या गुणांवर लागला. इतकी देखणी किक अचूक बसली तरी लढत संपली नाही, कारण हवेतल्या माणसाच्या मारामागे जमिनीचा रेटा फार थोडा उरतो.

कपोएरा ही ब्राझीलची आणि वुशू ही चीनची लढाऊ कला; त्यांच्याबद्दल फार लांबवत नाही. वुशूने स्वतःच दोन वेगळी घरं केली आहेत, उड्यांचं ताओलू आणि लढायचं सांडा. तायक्वांदोत गिरकी घेऊन डोक्याला लागलं तर 5 गुण, साधं लागलं तर 3. म्हणून तिथे गिरकी परवडते. समोरचा पकडू शकत नाही, चेहऱ्यावर ठोसा नाही, पडलात तर दंड फक्त एका गुणाचा. क्योकुशिन कराटेमधली कोलांटी किकही अशीच: पडलेल्यावर कोणी चढून बसत नाही. नियम बदला, किंमत बदलते. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली, जुलैच्या ओल्या फरशीवर, जीन्स घालून आणि पाठीला सॅक अडकवून हीच किक मारून बघू नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

हा फरक आपल्या आखाड्याला आधीपासून माहीत आहे. पेशवाईतले वस्ताद बाळंभट्टदादा देवधर यांनी मल्लखांब उभा केला तो पैलवानाची पकड, पाठ आणि धिटाई कमवायला. दसरंग हा मल्लखांबाचा प्रकार खांबावर, एकेरी पट हा कुस्तीचा डाव मातीत. खांबावरची उडी कोणी कुस्तीत घालत नाही, आणि म्हणून मल्लखांबाला कमी कोणी लेखत नाही.

वाद मिटवायचा असेल तर रविवारी दोन मित्र घेऊन हे करा. जोडीदाराला हेडगार्ड आणि छातीला पॅड. तुम्ही 10 गिरकी किक मारायच्या, त्याने मनाला येईल तसं पुढे यायचं, मागे जायचं किंवा मिठी मारायची. किती टाचेने बसल्या आणि किती वेळा कंबर पकडली गेली, तिसऱ्याने मोजायचं. आकडा इथे लिहा, मी छापतो.

राहिला बॅकफ्लिप. शिकू नका असं मी कुठे लिहिलं? उपवन तलावाच्या काठावर, फरशीवर, मोबाइलसमोर शिकू नका असं लिहिलं. तायक्वांदोची 25 मिलिमीटरची मॅट त्याला पुरत नाही. मानेवर पडलं तर ती नसल्यासारखीच. 30 सेंटीमीटरचा क्रॅश मॅट हवा आणि बाजूला जाणता माणूस, एक हात कमरेखाली, एक मांडीमागे. मुलं एकच चूक करतात, डोकं लवकर मागे टाकतात. उंची जाते, शरीर मागे सरकतं आणि हात आधी टेकतात. मनगट तिथेच मोडतं. दंड कानाला लावून आधी सरळ वर उडायचं, उंची गाठल्यावर गुडघे छातीशी. मॅटवर नुसती सरळ उडी मारून जागच्या जागी उतरता येत नसेल, तर त्या दिवशी फ्लिप नाही.