देशाची काळजी वाटते ना? मग आपल्या भागाची मतदार यादी उघडा

सकाळच्या फेरीनंतर बागेतल्या बाकावर, नाहीतर संध्याकाळी देवळाच्या पारावर, आपल्या वयाच्या मंडळींचं बोलणं हल्ली फिरून फिरून एकाच जागी येतं: या देशाचं पुढं कसं होणार? २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हा आणीबाणीचा काळ ज्यांनी जाणत्या वयात पाहिला, त्यांना ही काळजी वाटणारच. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश फुटीची पळवाटही बुजवली. तरी पक्षच्या पक्ष फुटताना आपण याच महाराष्ट्रात पाहिले. काळजी खोटी नाही. पण ती कुणाला या पक्षामुळे वाटते, कुणाला त्या. मग आवाज चढतात आणि जुनी मैत्री ग्रुप सोडण्यापर्यंत जाते. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून दोन्ही बाजूंच्या मित्रांनी एकत्र बसून करावं असं एक काम सांगतो. आपल्या भागाची मतदार यादी तपासायची.

एका यादी भागात साधारण हजार-बाराशे नावं असतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून ती पीडीएफमध्ये उतरवून घेता येते. पानं चित्ररूपात असल्यामुळे नाव टाकून शोधता येत नाही, ओळीनं वाचावीच लागतात. चार जणांनी वाटून घेतली तर दोन-तीन बैठकांत होतं. शेवटी पुरवणी असते, ती आधी वाचा. कोणाची नावं नव्यानं आली, कोणाची वगळली, हे तिथं कळतं.

चुका ठरावीक ठिकाणी सापडतात. गेलेल्या माणसाचं नाव वर्षानुवर्षं राहतं, कारण घरच्यांना नाव वगळण्यासाठीचा अर्ज, नमुना ७, भरायचा असतो हेच माहीत नसतं. मृत्यू दाखल्याची प्रत जोडून तो दिला की काम होतं. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तिथं नव्या नावानं नोंद झाली आणि माहेरचं नाव तसंच राहिलं, की झालं दुबार नाव. सगळ्यांत वाईट अवस्था पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींची. अख्खी सोसायटी भाड्यानं पांगलेली असते, बीएलओ (यादीसाठी घरोघर फिरणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) येतात तेव्हा जागेवर पत्रे ठोकलेले असतात आणि शंभर-दीडशे माणसं एकदम ‘स्थलांतरित’ ठरण्याची वेळ येते. अशा वेळी कोण कुठं राहायला गेलं हे सांगू शकणारा माणूस म्हणजे त्याच गल्लीत चाळीस वर्षं काढलेला निवृत्त शेजारी. ही माहिती कुठल्याही संगणकात नाही, आपल्याकडे आहे.

पत्ता बदलला तर नमुना ८ भरायचा. मतदारसंघ बदलला असला तरी ८ च. पूर्वी मतदारसंघ बदलला की ६ भरायचा असे, २०२२ पासून ते बदललं. नमुना ६ आता फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. जुन्या सवयीनं पुन्हा ६ भरला की त्याच माणसाचं नाव दोन ठिकाणी होतं आणि पुढं वगळताना नेमकं चालू पत्त्यावरचं उडण्याची भीती राहते. शिवाय खोटं निवेदन दिलं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे भरणाऱ्याला सांगा.

नातवंडांसाठी आता १ जानेवारीची वाट पाहायला नको. १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही अर्हता तारखा आहेत, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का हे ज्या दिवशी धरतात त्या तारखा. मात्र उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीपुरती नावं घेणं बंद होतं. हरकतींसाठी मध्ये सात दिवस जातात, म्हणून त्या शेवटच्या तारखेआधी किमान दहा दिवस नावनोंदणीचा अर्ज पोचला पाहिजे. आचारसंहिता लागल्यावर जागं होणाऱ्यांची धावपळ इथंच वाया जाते.

नाव वगळलं गेलं तर ओरडून उपयोग नाही, कागद करा. तिथं राहत नाही म्हणून नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, असं त्याच १९५० च्या कायद्याचं कलम २२ सांगतं. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्यांच्या निर्णयानंतर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे दुसरं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. दुसऱ्याच्या नावावर नमुना ७ भरताना तर दहादा खात्री करा. केवळ तो आपल्या विचारांचा नाही म्हणून हरकत घेणं हे माझ्या लेखी पाप आहे.

महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो, ठरलेल्या तारखेपर्यंतची. तिची प्रभागवार फोड होते. तेव्हा हरकत घेता येते ती मुख्यतः चुकीच्या प्रभागात नाव गेल्याची. विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर तिथं ते नव्यानं घातलं जात नाही.

८५ वर्षांपुढच्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-डी अधिसूचनेपासून पाच दिवसांत बीएलओकडे द्यायचा. पथक आलं तेव्हा घरी नसाल तर ते आणखी एकदाच येतं. आणि हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

मतदान यंत्राबद्दल शंका घेणाऱ्यांनी आणि त्या शंकेला हसणाऱ्यांनी, दोघांनीही एकदा मतदान केंद्रावर उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसावं. उमेदवाराची सही असलेला नमुना १० लागतो. मतदानाच्या ९० मिनिटं आधी किमान ५० मतांचं अभिरूप (चाचणीचं) मतदान होतं. ती मतं पुसली का, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या काढल्या का, मग सील लागलं का, हे डोळ्यांनी पाहायचं. आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मत मागा, ते मतपत्रिकेवर घेतात. संध्याकाळी मतदान संपलं की नमुना १७-सीची प्रत मागून घ्या. एकूण किती मतं पडली हा आकडा तिच्यात असतो. दमल्यामुळे, गाडी चुकेल म्हणून, प्रतिनिधी ती न घेताच निघतात आणि नंतर बोलायला हातात काही उरत नाही. मतमोजणीच्या टेबलावर त्याच केंद्राचं यंत्र उघडतं तेव्हा त्यावरचा एकूण आकडा आपल्या मोजणी प्रतिनिधीला या प्रतीशीच जुळवून पाहायचा असतो.