ओला डबा काठोकाठ कसा भरावा

इंदूरच्या वेशीवर देवगुराडियाला कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस बनवणाऱ्या बायो-सीएनजी प्रकल्पात 2022 पासून रोज 550 टन ओला कचरा पचवायची सोय आहे. तिथं एवढी भूक बसलेली असताना तुमचा ओला डबा अर्धाच भरतो, हे इंदूरकराला शोभतं का?

चोइथराम मंडीपासून सुरुवात करा. घरात माणसं तीन असली तरी टोमॅटोचं अख्खं कॅरेट उचला, स्वस्त पडतं. कोथिंबीर आणल्याआणल्या धुवा आणि ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारा. तीन-चार दिवसांत काळा लगदा तयार. (कोरडी करून कागदात गुंडाळली तर आठवडाभर टिकते, म्हणून रद्दी वेळेवर विकत जा.) पालकाशेजारी पिकती केळी ठेवा. केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो, पालक आपोआप पिवळा पडतो. कांदे-बटाटे एकाच टोपलीत असू द्या, बटाट्याची ओल कांद्याला लागून तो सडतो. बटाटे फार टिकायला लागले तर सरळ फ्रिजमध्ये टाका. चार अंशांवर त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, काप तळले की काळे पडतात आणि पोरं ताट सरकवतात. चिप्सवाले ह्याच धास्तीनं बटाटा दहा-बारा अंशांवर ठेवतात. तुम्हाला कसली धास्ती?

भाताचं काम जरा नाजूक. आजी फोडणीचा भात करायला टपलेल्याच असतात. म्हणून दुपारचा भात पसरट ताटात निववून तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ देऊ नका. पातेल्यातच झाकून रात्रीपर्यंत ओट्यावर राहू द्या. बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, कोमट भातात जिवाणू वाढतात आणि त्यांचं उलट्या करवणारं विष फोडणीनंही जात नाही. आता आजींपुढे शास्त्र ठेवा. पातेलं डब्यात!

हिशेबही माहीत असावा. 550 टनांतून सुमारे 17,000 किलो गॅस निघतो, असं प्रकल्पाचं गणित आहे. म्हणजे किलोभर कचऱ्याला 31 ग्रॅम. सिटी बस किलोभर गॅसवर साडेतीन-चार किलोमीटर जाते असं धरलं, तर तुमच्या किलोभर टोमॅटोवर ती राजवाड्यावरून निघून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंतसुद्धा पोचत नाही. पुढच्या अंतरासाठी शेजाऱ्यांना कॅरेट घ्यायला लावा.

राहिली ती गाठ मारलेली कोथिंबीर. पिशवीसकटच टाका. प्लॅस्टिक तिथल्या जंतूंना पचत नाही, उलट यंत्रात गुंडाळून बसतं. गाडीवाला ती पिशवी परत हातात देईलच, तेव्हा दुखावल्या चेहऱ्यानं म्हणायचं, “भिया, ओलीच तर आहे!”