ब्लेड आणि सुतळी घरीच ठेवा

'पावसाळ्यात आंबोलीला जाताय? हे सात नियम पाठ करा, जीव वाचेल.' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वर निळ्याशार बेडकाचा फोटो, खाली 'अनुभवी जंगल अभ्यासकांकडून' एवढीच सही. असले मेसेज मी एरवी न वाचताच उडवतो. हा वाचावा लागला, कारण ताईने तो भाच्याला पाठवला आणि त्या शहाण्याने सहलीच्या सॅकमध्ये दाढीचं ब्लेड आणि सुतळीचा गुंडा भरला.

भरायला लावलं पहिल्या नियमाने. तो असा: 'साप चावल्यास वरच्या बाजूला दोरी करकचून बांधा, ब्लेडने छेद द्या, विष तोंडाने ओढून थुंका, मग निवांत दवाखान्यात न्या.' निवांत! बाकीचे सहा नियम सोडून दिले तरी चालेल, पण याला सोडायचं नाही.

आधी छेद घेऊ. कोकणात फुरशांचा सुळसुळाट आहे, घोणसही आहे. या दोघांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. सरकारी दवाखान्यात ते तपासायची रीत अगदी साधी आहे. दोन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं नळीला हातही लावायचा नाही, मग ती आडवी करायची. रक्त थिजलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय असं समजून उपचार सुरू. आता ज्याचं रक्त नळीत गोठत नाही, त्याच्या पायावर तुम्ही जंगलात ब्लेड चालवलंय. ती जखम कशी थांबवणार? शिवाय त्या ब्लेडखाली शिरा आणि स्नायूबंध असतात, ते कापले गेले तर साप परवडला म्हणायची पाळी. आणि तोंडाने ओढून विष बाहेर येत नाही. ते दातांवाटे आत गेलेलं असतं, चावल्या जागी तुमची वाट बघत थांबलेलं नसतं.

आता दोरी. करकचून बांधली की खालचा रक्तपुरवठा तुटतो, फुरशा-घोणशीचं विष आधीच तिथलं मांस सडवत असतं, त्यात ही भर. पाय काळा पडतो. दवाखान्यात ती दोरी सोडताना अडलेलं विष एकदम अंगात जायची भीती असते, म्हणून डॉक्टरांना औषधं, सलाइन हाताशी ठेवून ती सोडावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची दक्षिण-पूर्व आशियासाठीची सर्पदंशाची मार्गदर्शिका २०१६ साली सुधारून निघाली. कापणं, चोखणं, घट्ट आवळणं, झाडपाला, बर्फ या सगळ्याला तिथे स्पष्ट नकार आहे. आमच्या ग्रुपवरचे एक काका म्हणाले, 'पण बांधतात की!' बांधतात, मान्य. मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या सापांच्या दंशात रुंद क्रेप बँडेज संपूर्ण हातापायाला गुंडाळून, फळी लावून तो स्थिर ठेवायची पद्धत आहे. पण त्यात रक्त थांबवायचं नसतं, सरावाचा हात लागतो, आणि फुरशा-घोणशीच्या दंशात त्यानेही नुकसान वाढू शकतं. तेव्हा काकांचं अर्धं बरोबर. सुतळीचं शून्य.

मग करायचं काय? माणसाला धीर द्यायचा, कारण पुष्कळसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण, बूट लगेच काढायचे, सूज चढली की ते निघत नाहीत. चावलेला पाय ट्रेकिंगची काठी आणि ओढणी वापरून मोडलेल्या हाडासारखा स्थिर बांधायचा, तोही सैलसर. माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. साप मारून पिशवीत घालून न्यायची हौस तर बिलकुल नको, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. मण्यार चावली तर जागेवर धड दुखतही नाही, म्हणून 'काही होत नाहीये' म्हणून थांबायचं नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली किती तरी दवाखान्यात पोचायलाच उशीर झाल्याने गेली. ब्लेड-सुतळीच्या खटाटोपात जातो तो नेमका हाच वेळ.

दुसरा नियम: 'डोक्यावर टोपी ठेवा, हरणटोळ झाडावरून उडी मारून टाळू फोडतो.' हे माझ्या आजीपासून ऐकतोय. हरणटोळ हा सडपातळ हिरवा साप, सरडे-बेडूक खातो, त्याचं सौम्य विष माणसाला जिवावरचं नाही. टोपी घाला, पावसासाठी. आंबोलीत झुडपांवर बसणारा विषारी साप वेगळा, तो चापडा. मलबारी चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी अशा किती तरी रंगांत दिसतो आणि तासन्‌तास एका जागी पडून राहतो. म्हणून फांदी धरताना आधी बॅटरी मारून बघा. त्याच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही, पण आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही. दवाखान्यात मात्र जायचंच.

तो निळा बेडूक: 'आंबोलीत सापडतो, नुसता स्पर्श झाला तरी मृत्यू.' हा दक्षिण अमेरिकेतला बेडूक आहे. विषारी बाणबेडकांची ही जात सुरीनामच्या बाजूला राहते, सह्याद्रीत ती कधीच नव्हती. स्पर्शाने माणूस मरेल असा एकही बेडूक इथे नाही. खरी गोष्ट उलटी आहे. आंबोलीच्या कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, २००९ साली शास्त्राला नव्याने ओळख झालेला एक छोटा भेक राहतो, झॅन्थोफ्रिने टायगेरिना. जगात त्याचा पत्ता आंबोली परिसरापुरताच, आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. सड्यावर पावसाने साठलेल्या, तळहाताएवढ्या उथळ डबक्यांत त्याची अंडी असतात. आपण रील काढायला बूट घालून त्याच डबक्यांतून पचापच जातो. बेडूक हातात घेऊ नका हे मेसेजमधलं वाक्य बरोबर आहे, कारण मात्र चुकलं: तुमच्या हातावरचं डास पळवायचं मलम त्याच्या ओल्या कातडीतून आत शिरतं.

जळवांवर 'सिगारेटचा चटका द्या'. द्या, आणि तिच्या पोटातला ऐवज तुमच्याच जखमेत ओकून घ्या. नखाने तिचं तोंड कडेने सरकवलं की ती सुटते. नंतर बराच वेळ रक्त वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरू नका, साबणाने धुवा आणि दाबून धरा. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायचा उपाय मात्र थोडाफार चालतो, कबूल.

'झऱ्याचं पाणी वनौषधींतून येतं, बिनधास्त प्या.' वर गुरं चरतात. लेप्टो नावाचा ताप कोकणाला नवा नाही. पुढे.

धबधब्याचा नियम पहिल्याच्याच तोडीचा: 'पाणी वाढू लागलं की दहा मिनिटं मिळतात, तोवर मधल्या उंच खडकावर चढा.' ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला. प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून ती उभी होती. मधला खडक हा सापळाच असतो, कारण पाणी वाढलं की दोन्ही काठ तुटतात. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजही नसते, वर डोंगरावर पडला की पुरे. स्वच्छ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या येऊ लागल्या, आवाज बदलला, की त्याच क्षणी जवळच्या काठाला यायचं. मोबाइल, चप्पल, डबा राहू द्या.

'गवा गाईसारखा शांत, जवळून फोटो काढा.' मोठा नर टनाच्या घरात जातो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये भरकटलेल्या गव्यामागे माणसं धावली, तो बिचारा पकडल्यानंतर मेला. जंगलात गवा तुमच्यामागे धावला तर निकाल उलटा लागेल. रस्त्यात दिसला तर गाडीतच थांबा, हॉर्न वाजवू नका.

शेवटी १०८ नंबर दिलाय, तो खरा आहे, सेव्ह करा. फक्त घाटात बऱ्याच जागी रेंज नसते आणि आंबोलीहून सावंतवाडी साधारण ३० किलोमीटर घाटरस्त्याने. म्हणून निघण्याआधीच सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात फोन करून सर्पदंशाचं प्रतिविष आहे ना, ते विचारून घ्या, आणि रात्री गाडी चालवू शकेल असा एक जण पिऊन बसणार नाही, एवढं आपापसांत ठरवा.