‘वजन उचललं की बीपी ४८०’: दिव्यांग खेळाडूंना घाबरवणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

दिव्यांग खेळाडूंच्या आणि त्यांच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: वजन उचलताना रक्तदाब ४८० पर्यंत जातो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. दिव्यांगांच्या शरीराला तो झेपत नाही, मेंदूतली नस फुटते. इराणचा पॅरा पॉवरलिफ्टर सियामंद रहमान याच कारणाने ३१व्या वर्षी गेला. वजनांमुळे बीपी कायमचं मागे लागतं. म्हणून हलकाच व्यायाम करा, आणि करताना डोकं ठणकलं, घाम फुटला तर तिथेच आडवं पडून दहा मिनिटं शांत राहा.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो. बाकीच्या चुका माणसाला व्यायामापासून लांब ठेवतात. ही चूक जिवावर बेतू शकते.

मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा आणि मान लाल झाली, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम सुटला, तर तो थकवा समजायचा नाही. या अवस्थेला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. होतं असं की मूत्राशय तुडुंब भरलेलं असतं, पोट साफ झालेलं नसतं किंवा पायाचं नख मांसात रुतलेलं असतं. त्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. इजेच्या खालच्या मज्जारज्जूला मात्र ते कळतं आणि पोटातल्या, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्तदाब चढू लागतो. मानेतल्या धमन्यांकडून मेंदूला त्याची खबर लागते, तो रक्तवाहिन्या सैल करण्याचा संदेश धाडतो, पण संदेश इजेपाशीच अडतो. मग मेंदू हृदयाचे ठोके कमी करतो, इजेच्या वरच्या रक्तवाहिन्या सैल करतो. तेवढं पुरत नाही. मूळ कारण दूर होईपर्यंत दाब चढतच राहू शकतो आणि त्यातून फिट येणं, मेंदूत रक्तस्राव, मृत्यूही ओढवू शकतो.

अशा माणसाला आडवं पाडलं की डोक्याकडचा दाब आणखी वाढतो. त्याला ताबडतोब उठवून बसवा, पाय खाली सोडा. कमरेचा बेल्ट, पायांवरचे पट्टे, बूट, घट्ट कपडे, सगळं सैल करा. मग कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी बसवलेली, नळी बोटाने चाचपत थेट पिशवीपर्यंत जा: कुठे मुरडली आहे का, पिशवी भरली आहे का. कॅथेटर नसेल तर मूत्राशय रिकामं करण्याची सोय करा. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी मोजा. उतरत नसेल तर रुग्णालय गाठा आणि तिथे ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ हे दोन शब्द स्वतःहून सांगा.

पॅरा पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे दिव्यांगांच्या वजन उचलण्याच्या खेळाच्या, बाकावर ही नळी फार सहज अडकते. या खेळात फक्त बेंच प्रेस असतो, म्हणजे झोपून दांडी छातीवरून वर ढकलायची. खेळाडू पाय लांब करून बाकावर उताणा झोपतो आणि शरीर स्थिर राहावं म्हणून पाय पट्ट्याने बाकाला बांधून घेतो. लघवीची पिशवी मांडीला किंवा पोटरीला बांधलेली असेल तर पट्टा नेमका नळीवर बसू शकतो. शिवाय झोपल्यावर पिशवी मूत्राशयाच्या जवळपास त्याच उंचीवर येते, लघवी खाली उतरायला उतार उरत नाही. म्हणून सेट सुरू करण्याआधी पिशवी रिकामी करायची, पट्टा आवळल्यावर नळी पुन्हा बघायची. याला अर्धं मिनिटही लागत नाही.

आकडाही फसवतो. मानेच्या पातळीवर इजा झालेल्या अनेकांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० असतो. त्यांच्या बाबतीत नेहमीपेक्षा २० ते ४० ची वाढ हीच धोक्याची खूण. मशीनवर १४० दिसलं की जिममधला माणूस ‘थोडंसंच वाढलंय’ म्हणतो, पण ज्याचं रोजचं ९५ आहे त्याच्यासाठी ते भयंकर आहे. तेव्हा अशा प्रत्येक खेळाडूचा एरवीचा आकडा प्रशिक्षकाच्या वहीत लिहिलेला असलाच पाहिजे.

याच विषयात एक उलट्या बाजूची अफवाही आहे: ‘लघवी दाबून धरली की ताकद वाढते.’ याला बूस्टिंग म्हणतात. १९९४ मध्ये व्हीलचेअर धावपटूंवर केलेल्या एका अभ्यासात ७.५ किलोमीटर अंतराची वेळ त्यामुळे सुमारे १० टक्क्यांनी सुधारली होती, हे खरं. पण ही सुधारणा वर सांगितलेल्या त्याच जीवघेण्या अवस्थेतून आलेली आहे. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने बूस्टिंगवर बंदी घातलेली आहे. स्पर्धेआधीच्या तपासणीत वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून जास्त निघाला तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजतात, आणि तेव्हाही तो उतरला नसेल तर त्या खेळाडूला स्पर्धेत भाग घेऊ देत नाहीत. कुणी प्रशिक्षक हा सल्ला देत असेल तर त्याच्या हाताखाली एक दिवसही थांबू नका.

आता ४८० या आकड्याकडे येऊ. तो खोटा नाही, अर्धवट आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पाच अनुभवी बॉडीबिल्डरांच्या दंडाच्या धमनीत नळी घालून, ते वजन उचलत असतानाच रक्तदाब मोजला गेला. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना सरासरी ३२०/२५० भरली. एका व्यक्तीचा आकडा ४८०/३५० च्या पुढे गेला. त्याच प्रयोगात एका हाताने डंबेल उचलताना सरासरी २५५/१९० होती. म्हणजे मेसेजमधला आकडा धडधाकट माणसाने शरीरातले सर्वांत मोठे स्नायू, मांड्यांचे आणि नितंबांचे, पार थकेपर्यंत वापरतानाचा आहे. पॅरा पॉवरलिफ्टरचा जोर छाती, खांदे आणि दंडांतून येतो. आणि शेवटची उचल संपताच काही सेकंदांत प्रयोगातल्या सर्वांचा दाब विश्रांतीतल्या पातळीच्याही खाली उतरला होता, हे मेसेज सांगत नाही.

श्वास रोखून जोर लावला की दाब जास्त चढतो, हेही खरं. पण तेव्हा छातीतला वाढलेला दाब मेंदूभोवतीच्या द्रवातही पोचतो आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना बाहेरून काहीसा आधार मिळतो. म्हणून इतके मोठे आकडे बहुतेकांना काही सेकंद सहन होतात. ज्याच्या मेंदूतल्या धमनीला आधीच फुगवटा आहे त्याने मात्र यावर विसंबू नये. रोजच्या सरावात दांडी वर ढकलताना श्वास सोडत जावा आणि सेट अगदी हात गळेपर्यंत ओढू नये. एवढ्यानेही चढ बराच कमी राहतो.

‘दिव्यांगांच्या शरीराला झेपत नाही’ या वाक्यात दिव्यांग म्हणजे नेमकं कोण? २००४ मध्ये अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये पॉवरलिफ्टिंगचं कांस्यपदक मिळवणारे राजिंदरसिंग राहेलू आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २१२ किलो उचलून सुवर्ण जिंकणारे सुधीर, दोघांनाही पोलिओ झालेला. पोलिओत स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरतात, मेंदू आणि रक्तवाहिन्यांमधला संदेशमार्ग सहसा शाबूत राहतो. त्यामुळे अशा खेळाडूचा रक्तदाब इतर लिफ्टरांसारखाच चढतो आणि उतरतो. दोन्ही पाय गुडघ्याच्या वर गमावलेल्यांची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत त्यांच्यामध्ये हृदयरोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त आढळलं, म्हणून त्यांनी बीपी आणि वजन नियमित तपासावं. मानेला इजा झालेल्यांची गोष्ट आणखी निराळी: हृदयाचे ठोके कित्येकदा ११० ते १३० च्या वर जातच नाहीत आणि एरवी उठून बसताच बीपी पडून चक्कर येते. या सगळ्यांना एकच नियम लावणं हाच या मेसेजमधला मूळ दोष आहे.

सियामंद रहमान यांच्याबद्दल. २०१६ मध्ये रिओ पॅरालिम्पिकला १०७ किलोवरच्या गटात त्यांनी ३१० किलो उचलले. १ मार्च २०२० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. बेंच प्रेसमुळे गेले, असं म्हणायला त्यात काहीच आधार नाही. भारी वजनगटात शरीराच्या वजनाचाच हृदयावर ताण असतो. खेळाडूचा मृत्यू झाला की खेळालाच दोषी ठरवणं हा त्या माणसावरही अन्याय आहे.

‘बीपी कायमचं मागे लागतं’ हे तर साफ चूक. ब्राझीलमधल्या संशोधकांनी पॅरा पॉवरलिफ्टरांचा रक्तदाब सरावानंतर मोजला. व्यायाम संपताच चढलेला दाब तासाभराच्या आत खाली आला. महिनोन् महिने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने तर विश्रांतीतला रक्तदाब थोडा कमीच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत दिव्यांग प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असं स्पष्ट म्हटलंय. पलंगावरून व्हीलचेअरवर जाताना माणूस रोज स्वतःचं अख्खं वजन हातांवर पेलतो. ते हात कमकुवत ठेवून त्याचं भलं कसं होणार? काळजी करायचीच तर खांद्याची करा. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये पॉवरलिफ्टरांना झालेल्या दुखापतींत जवळपास तिसरा हिस्सा खांद्याच्या भागातला होता.

थांबायचं कुणी? विश्रांतीत १८०/११० च्या वर बीपी असेल तर ते औषधाने आटोक्यात येईपर्यंत वजनं बंद. मात्र तो आकडा मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा योग्य मापाचा घेऊन मोजलेला हवा. घरगुती मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो आणि लिफ्टरचा दंड सहज ४० च्या पुढे जातो. अगदी मोठा पट्टा लागणाऱ्या दंडाला साधा पट्टा गुंडाळला तर वरचा आकडा सरासरी वीसेक अंकांनी खोटा जास्त येतो. मोठा पट्टा मेडिकल स्टोअरमध्ये मागवून मिळतो. व्यायामानंतर लगेच नको, निदान पाच मिनिटं शांत बसून, मूत्राशय रिकामं करून मोजा.