पर्थला सहा रात्री

गेल्या आठवड्यात सोसायटीतल्या एका ताईंनी त्यांच्या युरोप टूरचा कागद दाखवला. स्कॉटलंडच्या रकान्यात दोन दिवस आणि त्यात एडिंबरा, लॉक नेस, ग्लासगो. त्यांनी विचारलं, "तुम्ही जाऊन आलाय ना, बरोबर आहे का हे?" तेव्हा जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितेय, कारण याच विषयावर मला बऱ्याच जणांचे मेसेज आलेत आणि माझं मत आता पक्कं झालंय: पळापळ नको, एकाच गावात थांबावं.

काही वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन असाच बसटूर केला होता. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, साडेसातला बस. एडिंबऱ्याहून वर हायलँड्सकडे जाताना हायवेवरच्या एका थांब्याला बस चाळीस मिनिटं उभी राहिली. गाइड म्हणाला, "तिकडे पर्थ शहर." आईची ती चाळीस मिनिटं बाथरूमच्या रांगेत गेली. बसमध्ये परत चढताना तिनं मला विचारलं, "इथं नदी आहे का गं?" मला माहीत नव्हतं. आम्ही सांगलीची माणसं. जन्म कृष्णाकाठी गेला, आणि एका नदीकाठच्या गावाशेजारी उभं राहून नदी आहे की नाही हे मला सांगता आलं नाही. हे मला फार लागलं होतं.

गेल्या वर्षी भाचीच्या निमित्तानं स्कॉटलंडमधल्याच डंडी शहरात गेले. ती तिथं शिकते. डंडीहून पर्थ रेल्वेनं वीस-पंचवीस मिनिटांवर. एका दुपारी सहज म्हणून गेले आणि दोन रात्री राहिले. आता येत्या मे महिन्याच्या अखेरीस आईला घेऊन सहा रात्रींसाठी चाललेय. फक्त पर्थ. एडिंबऱ्याला विमानातून उतरायचं, तिथून सव्वा-दीड तासात रेल्वेनं पर्थ, आणि परतीच्या दिवसापर्यंत बॅग उचलायची नाही.

आधी नदीबद्दल. टे ही स्कॉटलंडमधली सगळ्यांत लांब नदी, सुमारे 190 किलोमीटर. ब्रिटनमधल्या कुठल्याही नदीपेक्षा हिच्यातून जास्त पाणी वाहतं. ती पर्थच्या अगदी अंगणातून जाते. समुद्राच्या भरतीचा परिणाम पर्थपर्यंत पोचतो, त्यामुळे सकाळी बघितलेली नदी आणि दुपारी बघितलेली नदी सारखी नसते. एकदा बघून फोटो काढून निघालेल्या माणसाला हे कळणारच नाही. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. आदल्या संध्याकाळी काठाचे जे दगड मोजत बसले होते, ते सकाळी पाण्याखाली होते.

गावाच्या मधोमध जुना दगडी पूल आहे. जॉन स्मीटन या इंजिनिअरनं बांधलेला, 1771 चा. लालसर दगड, नऊ कमानी, अजून त्यावरून वाहनं जातात. मी पुलाखालच्या पायवाटेनं चालत होते आणि एका खांबाजवळ थांबले. दगडात आडव्या रेषा कोरलेल्या आणि पुढे वर्षं. पुराच्या खुणा. सगळ्यांत वरची 1814 ची, माझ्या डोक्याच्या बरीच वर. 1993 चीही आहे. मी तिथं किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात दुसरा प्रश्न सुचत नाही, "आयर्विनला किती फूट?" एवढंच विचारतो तो. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरचं सगळं गेलं. आईचं लग्नातलं कपाटसुद्धा. त्या खांबापाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदाच मला परदेशातलं एखादं गाव आपल्या ओळखीचं वाटलं. 1993 च्या पुरानंतर पर्थनं काठाला भिंती आणि बंद करता येणारे दरवाजे बसवले. ते काम 2001 च्या सुमारास पुरं झालं. आज काठानं चालताना त्या भिंती सहज दिसतात, त्यांच्यावर कोरीवकाम आहे, माणसं त्यांच्यावर कोपर टेकून बोलत उभी असतात. पूर अडवायची भिंत आणि बसायची जागा एकच करता येते, हे आपल्याकडच्या लोकांनी जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आता ज्या माणसामुळे मी सहा रात्रींचा हट्ट धरलाय त्याच्याबद्दल. पॅट्रिक गेडिस. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही, मीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. जन्म 1854, स्कॉटलंडमधल्याच बॅलेटर गावचा, पण बालपण सगळं पर्थमध्ये गेलं. गावाच्या पलीकडच्या काठावर किनूल नावाची टेकडी आहे, तिच्या उतारावर त्यांचं घर होतं. वडील लष्करातले. हा मुलगा रोज त्या टेकडीवर फिरायचा. वरून टेचं सगळं खोरं दिसतं. लांबवर डोंगर, मग उतारावरची रानं, मग शेतं, मग गाव, मग नदी समुद्राकडे रुंद होत जाते. पुढे त्यांनी शहर-नियोजनात एक मोठी कल्पना मांडली. डोंगरापासून समुद्रापर्यंतचं नदीचं खोरं एकत्र बघायचं. कुठल्या उंचीवर कोण माणूस काय काम करतो ते बघायचं. शहराचा विचार त्यानंतर. त्या कल्पनेचं मूळ या टेकडीवरच्या भटकंतीत आहे.

हे गेडिस 1914 साली भारतात आले. गावोगाव हिंडून त्यांनी शहरांचे अहवाल लिहिले. त्या काळी साहेबी पद्धत अशी, की जुना मोहल्ला दाटीवाटीचा दिसला की सरळ रेघ मारायची आणि रस्ता काढायचा, मधली घरं पाडायची. गेडिस म्हणायचे, आधी पायी फिरा, गल्ली न् गल्ली बघा, विहीर कुठं आहे, झाड कुठं आहे, बायका कुठं बसतात ते बघा. मग जितकं अडतंय तितकंच काढा. 1919 साली ते मुंबई विद्यापीठात आले आणि तिथला समाजशास्त्र विभाग त्यांनी सुरू केला. मालवणच्या गो. स. घुर्यांना त्यांनीच हेरलं आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला पाठवलं. घुर्ये परत येऊन 1924 साली त्या विभागाचे प्रमुख झाले. आणि घुर्यांच्या हाताखाली एम. ए. केलं कोणी? इरावती कर्व्यांनी. किनूलच्या टेकडीवरून निघालेली वाट अशी मालवण, मुंबई, पुण्यापर्यंत येते. हे वाचलं त्या दिवशी मला रात्रभर झोप नव्हती. आपण ज्यांचे धडे शाळेत वाचले त्यांच्या गुरूंचे गुरू लहानपणी ज्या टेकडीवर खेळले, ती टेकडी त्या बसच्या खिडकीतून दिसली असणार.

टेकडी 222 मीटरची. सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही, पण आई चौऱ्याहत्तरची आहे. म्हणून योजना अशी: गाडीनं वरच्या पार्किंगपर्यंत जायचं, तिथून झाडीतली वाट आहे, दर शंभर पावलांवर थांबायचं. पूर्ण सकाळ त्यासाठी ठेवलीय. टोकाला सरळ तुटलेला कडा आहे आणि कड्यावर एक बुरूज. ऱ्हाइन नदीकाठच्या किल्ल्यांसारखं दिसावं म्हणून तिथल्या जमीनदारानं हौसेनं बांधलेला. लहान मुलं बरोबर असतील तर कड्यापाशी हात सोडू नका, कठडा नाही.

टेकडीच्या पायथ्याशी ब्रँकलिन नावाची बाग आहे. अगदी छोटी, कुणाच्या तरी घरामागची असावी तशी, आणि खरोखर ती एका जोडप्यानं घरामागे लावलेलीच होती. आता वारसा जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड' या संस्थेकडे आहे. तिथं हिमालयातली निळी पॉपी फुलते, अफूच्या कुळातली, मे-जूनमध्ये. तो निळा रंग मी कुठल्याच फुलात बघितला नाही. मी मे महिन्याची अखेर निवडली ती या फुलांसाठी, आणि दिवस मोठा असतो म्हणूनही. रात्री पावणेदहा-दहापर्यंत उजेड असतो. दुपारी दोन तास आडवं होऊन पुन्हा संध्याकाळी नदीवर जाता येतं. वयस्कर माणसाबरोबर असाल तर ही फार मोठी सोय आहे. शिवाय स्कॉटलंडच्या पूर्वेला पश्चिमेपेक्षा पाऊस कमी. तरी जॅकेट आणि कानटोपी घ्याच.

गावात 2024 च्या मार्चमध्ये जुन्या सिटी हॉलच्या इमारतीत नवं म्युझियम उघडलं. प्रवेश मोफत. स्कॉटलंडचे राजे ज्या दगडावर बसून राजे होत, तो दगड आता तिथं आहे. 1296 साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं तो उचलून नेला, लंडनला सिंहासनाखाली बसवला, आणि थेट 1996 ला तो स्कॉटलंडला परत आला. मधेच 1950 च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी तो वेस्टमिन्स्टरमधून पळवला होता. साधा वालुकाश्म, दीडशे किलोचा, कड्या बसवलेला. हिरा नाही, सोनं नाही. आपल्या गावच्या दगडासाठी सातशे वर्षं मागं लागणारी माणसं मला आवडली. त्याच म्युझियममध्ये टेच्या चिखलात सापडलेली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची नाव आहे, एकाच ओकच्या खोडातून कोरलेली. तिच्यापाशी वेळ काढा. मी दगडापेक्षा जास्त वेळ तिथं होते.

तो दगड मुळात जिथला, ते ठिकाण गावापासून तीनेक किलोमीटरवर. लिहितात स्कोन, म्हणतात स्कून. तिथल्या राजवाड्यासमोर एक छोटी टेकाडवजा जागा आहे. सांगतात की राज्याभिषेकाला येणारे सरदार आपापल्या मुलखाची माती बुटात घालून आणत आणि तिथं रिकामी करत, त्याचंच हे टेकाड झालं. बागेत डग्लस फर नावाचा एक प्रचंड वृक्ष आहे. इथंच जन्मलेल्या आणि इथंच माळीकाम शिकलेल्या डेव्हिड डग्लसनं 1826 साली अमेरिकेतून पाठवलेल्या बियांतून वाढलेला. त्याच्या नावानंच ते झाड जगभर ओळखलं जातं.

एक जागा अशी आहे जिथं जायचं की नाही यावर आमच्या घरात वाद झाला. बॅल्हूसी किल्ल्यातलं ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीचं म्युझियम. 1857 च्या डिसेंबरात कानपूरला तात्या टोप्यांच्या सैन्याशी लढलेल्या इंग्रजी फौजेत ही पलटण होती. भाऊ म्हणाला कशाला पाय ठेवायचा तिथं. माझं मत वेगळं आहे. तात्या आपल्या येवल्याचे. ज्यांच्याशी ते लढले त्यांनी आपल्या घरात ती लढाई कशी मांडून ठेवलीय, हे आपण डोळ्यांनी बघितलं पाहिजे. मी जाणार आहे, आणि आईसुद्धा येते म्हणालीय.

बाकी दिवस मोकळे ठेवलेत. एक दिवस रेल्वेनं डंकेल्डला, वीसेक मिनिटं. तिथल्या नदीकाठच्या रानात मोठमोठे फर आहेत आणि एक फार जुना ओक. आणि एक सकाळ नदीतल्या बेटासाठी. रेल्वेपुलाला चिकटून पायवाट आहे, तिच्यावरून चालत बेटावर उतरता येतं. तिथं एक गोल्फचं मैदान आणि गावातल्या लोकांनी भाड्यानं घेतलेले भाजीचे वाफे. मी गेले तेव्हा बाजूनं रेल्वे गेली आणि पायाखालचा पूल थरथरला. खाली एक आजोबा कांद्याच्या वाफ्यात गुडघे टेकून तण काढत होते. मी वरून हात केला, त्यांनी खुरपं वर करून दाखवलं. आमच्या हरिपूरला नदीकाठच्या मळ्यात अगदी असंच दृश्य असतं.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: एकाच ठिकाणी आठवडाभर राहिलं की स्वयंपाकघर असलेली खोली परवडते. रोजचा हॉटेल-बदल, बस, एंट्री हे सगळं वाचतं. डाळ-तांदूळ-पोह्यांची पिशवी आई भरतेच आहे. शाकाहारी माणसाला दुपारी सूप आणि ब्रेड कुठंही मिळतं, चांगलं मिळतं. व्हिसाला मात्र वेळ लागतो, आधीच अर्ज करा.

आणि "सहा दिवस एकाच गावात काय करणार?" असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या स्वतःच्या गावाची ओळख पाहुण्याला दोन तासांत होईल का? आमच्या सांगलीची होणार नाही. मग दुसऱ्याच्या गावाचा एवढा अपमान का करायचा?

तिकिटं झाली तेव्हा आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "पाणी किती फूट असतं तिथं?" मी शोधलं, तर तिथल्या पर्यावरण खात्याच्या वेबसाइटवर नद्यांची पातळी रोजच्या रोज दिसते, टेचीही. आता सकाळच्या चहाबरोबर मी तिला तो आकडा वाचून दाखवते. मीटरमध्ये असतो, ती फुटांत करून घेते.